माकडाऐवजी लघुवराह : औषधसुरक्षेच्या चाचणीतील कामाचा अनुभव

कोणतेही नवे रासायनिक औषध माणसाला पहिल्यांदा देण्याआधी ते दोन जातींच्या सस्तन प्राण्यांना देऊन पाहिले जाते; त्यांपैकी एक जात कृंतक, म्हणजे उंदराच्या कुळातील कुरतडणारी, आणि दुसरी अकृंतक असावी, हा संकेत जगातील बहुतेक औषध-नियामकांनी मान्य केलेला आहे. कृंतकाच्या निवडीबद्दल सहसा वाद होत नाही, कारण पांढरा उंदीर जवळजवळ ठरलेलाच असतो. अकृंतकाच्या बाबतीत मात्र बीगल जातीचा कुत्रा, मकाक कुळातील माकड आणि लघुवराह, म्हणजे प्रयोगशाळेसाठी मुद्दाम पैदास केलेले लहान चणीचे डुक्कर, असे तीन मुख्य पर्याय समोर असतात. या तिघांतून एकाची निवड कशी होते हे विषशास्त्राच्या, म्हणजे औषधांच्या घातक परिणामांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, रोजच्या कामात ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांच्या मनात एक खंत राहून जाते, कारण ही निवड शरीरशास्त्राच्या आधारे होण्याऐवजी पुष्कळदा सवयीनेच होते.

ही सवय कशी चालते हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. नव्या रेणूचे काम सुरू झाले की अकृंतक म्हणून कुत्र्याचे नाव आपोआप लिहिले जाते. कुत्र्याला ते औषध सोसत नाही असे दिसले, म्हणजे त्याला सारख्या उलट्या होऊ लागल्या, किंवा सूज व वेदना कमी करणाऱ्या कित्येक औषधांच्या बाबतीत घडते त्याप्रमाणे अगदी लहान मात्रेतच त्याच्या जठरात व्रण पडू लागले, की पुढचे नाव माकडाचे येते. त्या टप्प्यावर डुकराचा विचार का झाला नाही असे बैठकीत कुणी विचारलेच, तर या रेणूबाबत डुकराची माहिती हाताशी नाही असे उत्तर मिळते, आणि ती हाताशी नसते कारण ती कधी मिळवलेलीच नसते. माकडाच्या बाजूने दिले जाणारे कारण एकच, पण वजनदार वाटणारे असते : उत्क्रांतीच्या नात्याने ते माणसाच्या सर्वांत जवळचे आहे. हे नाते खरे असले तरी औषध त्वचेतून शिरते, आतड्यात शोषले जाते, यकृतात मोडते, मूत्रपिंडातून बाहेर पडते किंवा एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी माणसाशी जवळीक असणारा प्राणी निराळा असू शकतो.

नात्याच्या जवळिकीवर किती विसंबावे याचा कठोर धडा २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात मिळाला. टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड, म्हणजे रोगप्रतिकारक प्रथिनाच्या धर्तीवर बनवलेले औषध, सहा निरोगी स्वयंसेवकांना देण्यात आले. माकडांना जी मात्रा निर्धोक ठरली होती तिच्या पाचशेव्या भागाइतकीच मात्रा त्यांना दिली होती, तरी काही तासांतच सहाही जणांच्या शरीरात दाह पसरवणाऱ्या द्रव्यांचा लोंढा उसळला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते सर्व वाचले. पुढे झालेल्या संशोधनातून असे दिसले की ज्या स्मृतिपेशींवरील सीडी२८ नावाच्या प्रथिनाला हे औषध चिकटते, ते प्रथिन मकाक माकडाच्या त्या पेशींवर नसतेच, त्यामुळे माकडात काहीच घडले नाही. या प्रकरणावरून माकड निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, आणि डुकराने हा धोका दाखवला असता असेही म्हणता येत नाही. परंतु ‘माकडात काही झाले नाही’ या वाक्याला जो आश्वासक स्वर आपोआप चिकटलेला असतो, तो तपासून घेतला पाहिजे एवढे त्यातून निश्चित कळते.

माकडांच्या पुरवठ्याचा इतिहास भारतीय वाचकाला परका नाही. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत असत आणि त्यासाठी उत्तर भारतातून ऱ्हीसस माकडे पकडून विमानाने परदेशी पाठवली जात. काही वर्षी ही संख्या लाखाच्या वर गेली. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली, तेव्हापासून प्रयोगशाळांचा भर आग्नेय आशियातील लांब शेपटीच्या मकाकावर वाढत गेला. २०२० च्या आरंभी करोनाच्या साथीत चीनने वन्य प्राण्यांचा व्यापार थांबवला, त्याबरोबर मोठ्या पैदास-केंद्रांचा पुरवठा आटला आणि माकडांच्या किमती कडाडल्या. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या लांब शेपटीच्या मकाकाला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले. त्याच साथीच्या काळात महाराष्ट्रातही या अडचणीची झळ पोहोचली होती. कोव्हॅक्सिन लशीच्या पूर्वचाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला वीस ऱ्हीसस माकडे हवी होती, पण टाळेबंदीमुळे वस्तीतले खाणे तुटून माकडे रानात पांगलेली, तेव्हा वनखात्याच्या मदतीने शोध घेत अखेर नागपूर परिसरातून ती मिळवावी लागली. लशीच्या त्या चाचणीत माकडाला पर्याय शोधायला सवड नव्हती, आणि तो निर्णय योग्यच होता. पण रानातून पकडलेल्या जनावरावर औषधशास्त्राची एखादी नेहमीची पायरी कायमची अवलंबून ठेवता येत नाही, हेही त्या धावपळीतून दिसले.

लघुवराह म्हणजे कोणतेही छोटे डुक्कर नव्हे. गोव्यातील अगोंदा जातीचे किंवा आपल्या गावकुसाबाहेर दिसणारे काळे डुक्कर आकाराने लहान असले तरी ते या कामाचे नाही, आणि आसामच्या गवताळ रानातील पिग्मी हॉग तर स्वतःच अस्तंगत होण्याच्या काठावर असलेला, जपण्याचा प्राणी आहे. प्रयोगशाळेला हवे असते ते पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ नोंदलेले, ठराविक जंतूंपासून मुक्त असल्याची खात्री असलेले आणि वाढीचा वेग ठाऊक असलेले जनावर. अशा पैदाशीचा आरंभ अमेरिकेत मिनेसोटा येथील हॉर्मेल संस्थेत १९४९ मध्ये झाला. पुढे जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात १९६० च्या दशकात मिनेसोटाची लहान डुकरे, व्हिएतनामची लोंबत्या पोटाची डुकरे आणि जर्मन लँडरेस ही पांढरी शेतीजात यांच्या संकरातून गॉटिंगेन लघुवराह तयार झाला, आणि आज युरोपात या कामासाठी मुख्यतः तोच वापरला जातो. डेन्मार्कमधील दालमोसे येथे १९९२ पासून त्याची पैदास बाहेरच्या जंतूंना अटकाव करणाऱ्या बंदिस्त आवारात केली जाते. मेक्सिकोतून आलेला युकातान, अमेरिकेतील सिंक्लेअर आणि हॅनफर्ड या अन्य जातीही वापरात आहेत. गॉटिंगेनचे पिल्लू जन्मतः साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमचे असते, चार-पाच महिन्यांत वयात येते आणि पूर्ण वाढीनंतरही पस्तीस-चाळीस किलोच्या आसपास राहते. शेतावरचे डुक्कर दोनशे किलोच्या पुढे सहज जाते.

वयात येण्याचा हा वेग वरवर किरकोळ वाटला तरी चाचणीच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. नर मकाक प्रौढ व्हायला चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक, लागतात, आणि प्रयोगशाळेत येणारी माकडे बहुधा त्याहून लहान असतात. अशा अल्पवयीन नराच्या वृषणात शुक्रजंतूंची निर्मिती सुरूच झालेली नसेल, तर औषधाने तिला बाधा पोहोचते की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली कितीही पाहिले तरी कळणार नाही. लघुवराहाच्या बाबतीत पाच-सहा महिन्यांचा नर घेतला की हा प्रश्न मिटतो.

शरीराच्या अन्य अवयवांत त्वचेचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. डुकराची त्वचा माणसाप्रमाणेच विरळ केसांची आणि खालच्या चरबीच्या थराला घट्ट चिकटलेली असते, तिच्या बाह्यथराची जाडी माणसाच्या त्वचेशी जुळती असते, आणि म्हणूनच मलमे, लेप व त्वचेतून औषध सोडणाऱ्या पट्ट्या यांसाठी लघुवराह ही अकृंतकांत पहिली पसंती ठरली आहे. माकडाची दाट केसांची, सैल त्वचा या कामी पुष्कळच कमी पडते. डुकराच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची मांडणीही माणसाशी मिळतीजुळती असते, आणि कुत्र्याच्या हृदयात जे पर्यायी जोडमार्ग विपुल असतात ते डुकराच्या हृदयात निरोगी माणसाप्रमाणेच जवळजवळ नसतात. मूत्रपिंड माणसासारखेच अनेक खंडांचे असते. आहाराने दोघेही सर्वभक्षी. यकृतातील एन्झाइमांविषयी, म्हणजे औषध मोडणाऱ्या प्रथिनांविषयी, बोलायचे तर अल्डिहाइड ऑक्सिडेज हे एन्झाइम कुत्र्याच्या यकृतात जवळजवळ नसते, मात्र डुकरात ते भरपूर असते, आणि कर्करोगावरील कित्येक नव्या रेणूंचे विघटन माणसात याच एन्झाइमामुळे होत असल्याने अशा ठिकाणी कुत्रा अपुरा ठरला तरी माकडाकडे वळण्याआधी डुकराकडे पाहणे सयुक्तिक ठरते. उलट, सल्फेटचा गट जोडून औषध निकामी करण्याची क्षमता डुकरात फार कमी असते. ज्या रेणूचा मुख्य निचरा माणसात त्या मार्गाने होतो त्याच्यासाठी डुक्कर निवडणे ही घोडचूक होईल.

प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने पाहिले तर माकडाकडून लघुवराहाकडे येणे म्हणजे हातांना नव्याने शिकवणे असते, आणि ज्या प्रयोगशाळांनी हे शिक्षण टाळले त्यांनीच पुढे डुक्कर कामाला अवघड असल्याची तक्रार केली, असे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले आहे. डुक्कर हे भक्ष्य म्हणून जगलेल्या कुळातील जनावर आहे. त्याला वरून अचानक पकडले, उचलले किंवा कोपऱ्यात कोंडले की ते किंचाळते आणि ती किंकाळी शंभर डेसिबलच्या वर जाते, त्यामुळे शेजारच्या सगळ्या कप्प्यांतील जनावरे बिथरतात व कर्मचाऱ्यांना कानसंरक्षक घालावे लागतात. म्हणून जनावरे प्रवासाहून आल्यावर पहिले काही दिवस काही करायचे नसते. प्राणिगृहातील सेवक पेंढा घातलेल्या कप्प्यात पालथ्या बादलीवर नुसता बसून राहतो. डुकरे आधी लांब उभी राहतात, मग नाक पुढे करून त्याच्या बुटांचा वास घेतात, नाड्या चावून पाहतात, आणि दोन-चार दिवसांत त्यांतील धीट जनावर कानामागे खाजवून घेण्यासाठी स्वतःहून अंग घासू लागते. पोटाला खाजवले की ते कुशीवर लोळण घेते. ही लोळण पुढच्या साऱ्या कामाचा पाया असते, कारण एकदा जनावर माणसाच्या हाताखाली आपणहून आडवे होऊ लागले की त्याचे तापमान घेणे, पोट चाचपणे, वाढलेले खूर छाटणे ही कामे बळाचा वापर न करता उरकतात.

यानंतर झोळीची सवय लावली जाते. चार पायांसाठी चार भोके ठेवलेली कापडी झोळी लोखंडी चौकटीला टांगतात आणि तीत डुक्कर पाय खाली सोडून पोटावर विसावते. अमेरिकेतील संशोधक लिंडा पॅनेपिंटो यांनी युकातान डुकरांसाठी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. पहिल्या दिवशी झोळी जमिनीवर पसरून तिच्यावर खाऊ ठेवतात, नंतर पाय भोकांतून काढून लगेच सोडतात, मग चौकट वीतभर उचलतात, आणि दर पायरीला जिभेवर थोडा गोड पाक किंवा सफरचंदाचा रस मिळतो. आठ-पंधरा दिवसांनी तेच जनावर झोळीत डोळे मिटून पडते आणि तेव्हाच त्याच्या हृदयाचा विद्युत्-आलेख घेण्यात अर्थ असतो. घाबरलेल्या डुकराची हृदयगती मुळातच इतकी चढलेली असते की औषधाने ती वाढली की भीतीने, हे कोणत्याही संख्याशास्त्राने वेगळे काढता येत नाही. जनावराशी मायेने वागणे हा येथे निव्वळ दयाबुद्धीचा भाग राहत नाही, तो मोजमापाच्या अचूकतेचा भाग होतो, आणि ही गोष्ट कामाचे वेळापत्रक आखणाऱ्यांना पटवून देणे हे या क्षेत्रातील पशुवैद्यकाचे सर्वांत चिकाटीचे काम आहे. कारण सवय लावण्याचे ते दिवस खर्चाच्या तक्त्यात रिकामे दिसतात.

रक्ताचा नमुना घेणे हे खरे कसबाचे काम. माकडाच्या मांडीतील शीर बोटाला लागते, कुत्र्याच्या पुढच्या पायावरची शीर डोळ्यांना दिसते. डुकराच्या चरबीखाली मात्र वरून काहीच दिसत नाही. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या बाकावर जनावराला उताणे घेऊन, पुढचे पाय मागे धरून, छातीच्या हाडाच्या टोकाजवळ उजव्या बाजूस जो खळगा लागतो त्यातून सुई खोल शिरेकडे न्यावी लागते, आणि हे सारे बोटांच्या अंदाजाने करायचे असते. उजवी बाजू घेण्याचे कारण असे की त्या बाजूला महत्त्वाच्या मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव कमी असतो. सरावलेल्या हाताला हे काम अर्ध्या मिनिटाचे असते; नवशिक्याला ते जमेपर्यंत अनुभवी माणसाने शेजारी उभे राहावे आणि दुसऱ्या टोचणीनंतर सुई आपल्या हाती घ्यावी, हा दंडक चांगल्या प्राणिगृहांत कसोशीने पाळला जातो.

तोंडाने औषध देतानाही डुकराच्या रचनेचे भान ठेवावे लागते. त्याच्या घशात अन्ननलिकेच्या वर एक आंधळी पिशवी असते, तीत नळीचे टोक किंवा औषधाची कॅप्सूल अडकू शकते, आणि नळी जोराने रेटली तर ती पिशवी फाटून जनावर दगावते. जठर रिकामे होण्याचा वेगही मंद असल्याने मोठी गोळी तेथे दीर्घकाळ पडून राहते. गोळीच्या स्वरूपातील औषधाच्या शोषणाविषयी निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही. मलमाच्या चाचणीत निराळीच अडचण येते. आदल्या दिवशी पाठीवरचे केस कापून, चौकोन आखून, तेवढ्याच जागेवर मोजून लेप लावला, वर जाळीचे कापड व पट्टी बांधली, तरी शेजारचे डुक्कर ती पट्टी चघळून काढते व लेप चाटून जाते, मग एकाच्या अंगावरचे औषध दुसऱ्याच्या रक्तात सापडते. यावर उपाय म्हणून लेपाच्या तासांपुरती जनावरे वेगळी ठेवतात, परंतु मधल्या जाळीतून त्यांना एकमेकांचे नाक लागेल अशी सोय करतात, कारण एकटे पडलेले डुक्कर खाणे सोडते. खाणेही मोजूनच द्यावे लागते; हवे तेवढे दिले तर लघुवराह काही महिन्यांत स्थूल होतो आणि मग औषधाचे परिणाम स्थूलतेच्या परिणामांत मिसळून जातात.

मर्यादांविषयी मोकळेपणाने बोलल्याखेरीज या प्राण्याची बाजू मांडणे प्रामाणिक होणार नाही. आजच्या नव्या औषधांत प्रतिपिंडांचा वाटा मोठा आहे, आणि माकडांचा सर्वाधिक वापरही तेथेच होतो, कारण माणसाच्या प्रथिनाला चिकटेल असे घडवलेले प्रतिपिंड माकडाच्या तत्सम प्रथिनाला बहुधा चिकटते. डुकराच्या बाबतीत ते दर वेळी तपासूनच पाहावे लागते. गर्भावरील परिणामांच्या चाचणीत अडचण आणखी मूलभूत आहे. डुकराच्या वारेत आई व गर्भ यांच्या रक्तामध्ये पेशींचे सहा थर असतात आणि त्यांतून प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू पलीकडे जात नाहीत. पिल्लाला रोगप्रतिकारक प्रथिने मिळतात ती जन्मानंतर पहिल्या दिवसाच्या चिकातून. माणसात मात्र ती गर्भावस्थेतच वारेतून पोहोचतात. सूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिलेल्या औषधांना डुक्कर अतिशय तीव्र प्रतिक्रिया देते, कारण त्याच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत परके कण गिळणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. हृदयातील विद्युत्-संदेश वाहणारे तंतू त्याच्या हृदयभित्तीच्या संपूर्ण जाडीतून जातात, माणसात ते आतल्या थरापुरते असतात. शिवाय दहा किलोच्या डुकराला तीन किलोच्या माकडाच्या तिपटीहून अधिक औषध लागते, आणि ज्या रेणूचे अवघे काही ग्रॅम तयार झाले आहेत त्याच्या बाबतीत केवळ एवढ्यावरूनच निर्णय माकडाच्या बाजूने झुकतो. हा शेवटचा मुद्दा समजण्याजोगा असला तरी शास्त्रीय नाही, आणि अहवालात तो शास्त्रीय कारणाच्या रूपात लिहिला जाऊ नये.

नैतिक प्रश्नाला दोन बाजू आहेत. माकडांचा वापर कमी होणे हे इष्ट आहे याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. त्यांचे दीर्घ बालपण, कळपातील गुंतागुंतीचे संबंध आणि बंदिवासातील त्यांची तगमग ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे पुरावे लागत नाहीत, आणि मकाकांपासून माणसाला होणाऱ्या संसर्गांचा धोकाही खरा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत एका तरुण संशोधन-सहायिकेच्या डोळ्यात माकडाच्या अंगावरील घाण उडाली आणि त्यातून झालेल्या विषाणुबाधेने ती मरण पावली. परंतु डुकराच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार केला जातो तो हिणकस आहे : लोक डुकराचे मांस तसेही खातात, तेव्हा त्याच्यावरील प्रयोगाला कुणी हरकत घेणार नाही. हरकत घेणारे कमी आहेत यावरून वेदना कमी आहे असे सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार डुकरांना, त्यांत दोन पॅनेपिंटो जातीची लहान डुकरे होती, नाकाने दांडी हलवून संगणकाच्या पडद्यावरील ठिपका लक्ष्यापर्यंत नेण्यास शिकवता आले. ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यात माकड, कुत्रा, मांजर व घोडा यांना विशेष संरक्षण आहे, डुकराला नाही. हा भेद माणसांच्या भावनांवर आधारलेला आहे, प्राण्यांच्या जाणिवेवर नव्हे. म्हणून माकडाच्या जागी लघुवराह घेतला तर माकडासाठी जेवढी काळजी घेतली जात होती तेवढीच, जागा, सोबत, उकरायला पेंढा, वेदनाशामके आणि चाचणी थांबवण्याचे आधीच ठरवलेले निकष या सर्वांसह, डुकराच्या वाट्याला आली पाहिजे. चाचणी संपल्यावर जनावरांना भूल देऊन मारले जाते व त्यांच्या ऊतींच्या काचपट्ट्या केल्या जातात, आणि ज्या सेवकाने त्यांना लोळण घ्यायला शिकवले त्याच्याच सोबतीने ती शेवटच्या खोलीपर्यंत शांतपणे चालत जातात. हे काम त्या सेवकाला नाकारता येईल अशी मुभा असावी, आणि ते करणाऱ्याशी वरिष्ठांनी मोकळेपणाने बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

नियमांचा अडसर या मार्गात फारसा उरलेला नाही. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने झालेल्या ‘रीथिंक’ या प्रकल्पाने २०१० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत लघुवराह हा औषधांच्या विषशास्त्रीय चाचणीत कुत्रा व माकड यांच्या बरोबरीने विचारात घेण्याजोगा प्राणी असल्याचे सविस्तर मांडले गेले, आणि युरोप, अमेरिका व जपानमधील नियामक त्याच्यावरील अहवाल स्वीकारतात. भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीची परवानगी मोठ्या प्राण्यांसाठी घ्यावी लागते, आणि अर्ज करताना हीच जात का, हे लिहावे लागते. दुसरीकडे, २०२२ च्या डिसेंबरमधील अमेरिकी कायद्याने आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारताच्या नव्या औषधांविषयीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीने पेशी-संवर्धन, चिपवरील अवयव व संगणकीय प्रतिमाने यांना प्राणिचाचणीच्या जागी वापरण्यास वाट करून दिली आहे. त्या पद्धती पूर्णत्वाला पोहोचतील तेव्हा माकड व डुक्कर दोघांचीही गरज सरेल. पण ती गरज सरेपर्यंतच्या वर्षांत निवड तर रोज करावीच लागणार आहे.

या निवडीतील खरी गाठ अगदी आरंभीच्या टप्प्यावर पडते. प्राण्यांना औषध देण्याच्या कितीतरी आधी नवा रेणू माणूस, उंदीर, कुत्रा व माकड यांच्या यकृतपेशींबरोबर परीक्षानळीत ठेवून त्याचे कोणकोणते तुकडे होतात हे पाहिले जाते, आणि ज्या प्राण्याचे तुकडे माणसाशी जुळतात तो पुढे निवडला जातो. या यादीत डुकराच्या यकृतपेशी बहुधा नसतात, त्यामुळे तुलना होते तेव्हा डुक्कर स्पर्धेतच नसते. या पेशी गोठवलेल्या स्वरूपात बाजारात मिळतात, त्यांच्यासाठी नवे जनावर आणावे लागत नाही, वेगळे उपकरण लागत नाही, आणि त्याच तक्त्यात एक स्तंभ वाढवण्याचा खर्च माकडांवरील एका चाचणीच्या खर्चापुढे नगण्य आहे. प्रतिपिंडांच्या बाबतीतही डुकराच्या प्रथिनाला औषध चिकटते की नाही ही तपासणी माकडाच्या तपासणीबरोबरच करता येते. ज्या संस्थेने हा एक स्तंभ आपल्या नेहमीच्या पद्धतीत घातला, तिच्या बैठकीत अकृंतकाची निवड करताना डुकराविषयी माहिती नाही हे उत्तर देता येत नाही. तेथे माकडाची निवड करायची असेल, तर डुक्कर का चालणार नाही याचे कारण आकड्यांसह कागदावर लिहावे लागते.